घरच्या डॉक्टरांच्या रजिस्टरातून साथीची चाहूल: बेळगाव सीमाभागातल्या प्रकल्पनोंदी

२ जून, सोमवार (आठवडा २३)

आजपासून पत्रकं सुरू: कुठल्या आजाराचे किती नवे पेशंट आले ते घरच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला भरून द्यायचं. आठवडा सोमवार ते रविवार धरायचा. सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमही हाच आठवडा धरतो. आपण वेगळा धरला तर दोघांचे आकडे कधीच शेजारी ठेवता येणार नाहीत. त्या कार्यक्रमाचे तीन फॉर्म: आरोग्य कर्मचाऱ्याचा एस, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. २०२१ पासून देशभर ते ऑनलाइन पोर्टलवर भरतात. पण बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात अंगात कणकण आली की माणूस आधी गल्लीतल्या नाहीतर बाजारपेठेतल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो, आणि तिथलं रजिस्टर सहसा दवाखान्यातच राहतं. साथीची पहिली खूण त्या रजिस्टरात असते. मोठ्या हॉस्पिटलात पेशंट दाखल होऊ लागेपर्यंत बरेच दिवस हातचे गेलेले असतात.

पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांचं असं जाळं १९५७ पासून आहे, नेदरलँड्समध्ये १९७० पासून, फ्रान्समध्ये १९८४ पासून. तिघांचंही बळ एकाच गोष्टीत: तेच दवाखाने, त्याच व्याख्या, दर आठवड्याला, साथ असो वा नसो.

व्याख्या पत्रकाच्या मागच्या बाजूला मराठी आणि कन्नड दोन्हींत छापल्या आहेत. फ्लूसारखा आजार: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, सोबत खोकला, सुरुवात गेल्या १० दिवसांतली. ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे तशी घेतली. जुलाब: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ. रक्त असेल तर रकाना वेगळा. त्याखेरीज कावीळ, कांजिण्या, गालगुंड, डोळे येणे, ताप आणि पुरळ, आणि खोकला-सर्दीशिवायचा नुसता ताप. टीबी या पत्रकात नाही. खासगी डॉक्टरांनाही तो २०१२ पासून सरकारला कळवावा लागतो आणि त्याची वाट वेगळी आहे.

दोन गोष्टी पत्रकासाठी थांबवायच्या नाहीत, त्याच दिवशी फोन करायचा: ताप आणि पुरळ असलेलं मूल (गोवराचा संशय), आणि १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणं.

५ जून, गुरुवार

डॉक्टरांना नवं रजिस्टर द्यायचं नाही, असं ठरवलं. दोन रजिस्टरं ठेवायला लावली की एक खोटं होतं. त्यांच्याच ओपीडी रजिस्टरात उजव्या कडेला तीन बारीक रकाने आखून घ्यायचे: आजाराचा आकडा (१ ते ९), आजार सुरू झाल्याची तारीख, आणि ‘न’ किंवा ‘जु’. ‘न’ म्हणजे या आजारासाठी पहिल्यांदा आलेला, ‘जु’ म्हणजे त्याच आजारासाठी पुन्हा आलेला. बहुतेक दवाखान्यांत पेशंटला तिसऱ्या दिवशी परत बोलावतात. ‘जु’ मोजला गेला तर आठवड्याचा आकडा दीडपट-दुप्पट दिसतो, आणि जो डॉक्टर जास्त वेळा बोलावतो त्याच्याकडे साथ जास्त आहे असं वाटतं. जुलाबात नियम असा: मध्ये सलग दोन दिवस पोट ठीक होतं तर पुढचे जुलाब नवे धरायचे. तापाच्या आजारात दहा दिवसांच्या आत परत आला तर जुनाच.

सुरुवातीच्या तारखेवर आमचा सर्वांत जास्त भर आहे. दवाखान्यात आल्याची तारीख बाजाराचा दिवस, एसटीची वेळ, हातातले पैसे यांवर ठरते. आजार सुरू झाल्याची तारीख रोगावर ठरते. “कधीपासून बरं नाही?” असं विचारलं की “चार-आठ दिवस झाले” असं उत्तर येतं. ते उपयोगाचं नाही. “सोमवारी शेतात गेला होतात काय? तेव्हा ताप होता?” असं वार धरून विचारायचं. दोन प्रश्नांत तारीख सापडते. हे विचारायचं काम कंपाउंडरनं करावं, केसपेपर काढतानाच. डॉक्टरांसमोर माणूस बसला की दुखणं सांगायच्या घाईत असतो.

९ जून, सोमवार (आठवडा २४)

रिकामा चौकोन आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी. कावीळ आलीच नाही तर ० लिहायचं. भरायचं राहिलं तर चौकोन रिकामा. पत्रक गोळा करणाऱ्यानं रिकाम्या चौकोनात स्वतःहून शून्य घालायचं नाही, फोन करून विचारायचं. दवाखाना किती दिवस उघडा होता तेही वर लिहायचं. डॉक्टर लग्नाला गेले म्हणून पत्रक शून्य आलं आणि गावात आजार नाही असं धरलं, तर पुढचा सगळा हिशेब फसतो.

१६ जून, सोमवार

तापाच्या मोजणीत घोळ होतो तो असा. कपाळावर धरायची बंदूक पावसात दुचाकीवरून आलेल्या माणसाचा ताप कमी दाखवते. कपाळ ओलं आणि गार असतं. दहा-पंधरा मिनिटं आत बसवून, कपाळ पुसून मग मोजायचं, नाहीतर साधा डिजिटल थर्मामीटर काखेत ठेवायचा. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतं, म्हणून प्रत्येक दवाखान्यानं एकच जागा धरावी आणि ती पत्रकावर लिहावी. वजाबाकी-बेरीज आम्ही करू. त्यांनी आकडा दुरुस्त करू नये.

दुसरी अडचण पॅरासिटामॉलची. माणूस मेडिकलमधून गोळी घेऊन, एक दिवस काढून मग येतो. दवाखान्यात ताप नसतो. अशांसाठी ‘घरी ताप’ हा उपरकाना ठेवला. तो फ्लूच्या मुख्य आकड्यात मिसळत नाही, पण त्याचा चढ-उतार बघायला ठेवतो.

२७ जून, शुक्रवार

भागायचं कशानं, हा या कामातला खरा अवघड प्रश्न. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नोंदलेला असतो, त्यामुळे दर लाख नोंदणीमागे किती हे सरळ काढता येतं. इथं तशी यादी नाही. एकाच घरातली आजी एका डॉक्टरांकडे, नातू बालरोगतज्ज्ञाकडे, आणि वडील कामाच्या गावी जे भेटतील त्यांच्याकडे. म्हणून आपण एकूण नव्या पेशंटांपैकी टक्के काढतो. त्यासाठी रोजची एकूण ओपीडी लिहिणं हे आजार लिहिण्याइतकंच महत्त्वाचं.

टक्केवारीतही सापळे आहेत. समजा नेहमीच्या आठवड्यात ३०० पेशंट, त्यात फ्लूसारखे २४. म्हणजे ८ टक्के. जत्रेच्या आठवड्यात पाहुण्यांमुळे ४०० आले, त्यात ३०. आकडा वाढला, टक्के ७.५ झाले. आता गणपतीचा आठवडा धरा: दवाखाना तीनच दिवस उघडा, १५० पेशंट, त्यात १५. टक्के १० झाले, पण आजार वाढला असेलच असं नाही. बीपी-शुगरच्या लोकांनी येणं पुढं ढकललं म्हणून खालचा आकडा कमी झाला. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे. संख्या आणि टक्के दोन्ही वर गेले तरच हालचाल करायची, आणि शेजारच्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरांकडेही तेच दिसत असेल तर त्याच दिवशी.

धोक्याची रेघ कुठं मारायची? मागच्या वर्षांचे आकडे नाहीत तोवर गेल्या आठ आठवड्यांचा मधला आकडा (आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्यावर मधोमध येणारा) घ्यायचा, त्याचं वर्गमूळ दुप्पट करून त्यात मिळवायचं. मधला आकडा ४ असेल तर ४ अधिक ४, म्हणजे ८. त्यावर गेलं की फोन. मधला आकडा १ असेल तर ३ वर गेलं की फोन. मधला आकडा शून्य असलेल्या आजारात, उदाहरणार्थ कावीळ, एकाच गल्लीतले दोन पुरे. ही रेघ ढोबळ आहे. पावसाळा लागताना ती उशिरा वर सरकते आणि खोट्या घंटा वाजतात. जूनच्या शेवटी त्या सोसायच्या. गप्प राहणाऱ्या रेघेपेक्षा त्या बऱ्या.

८ जुलै, मंगळवार

जुलाबाचे पेशंट दोन दवाखान्यांत एकाच पंचायतीतले. अशा वेळी काय करायचं, याचा क्रम पक्का करून पत्रकासोबत दिला.

आधी गावाचा हातानं काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक नव्या पेशंटाच्या घरावर ठिपका. घर ओळखायला नाव लागत नाही, गल्ली आणि नळाची लाइन पुरे. ठिपके एकाच लाइनवर, त्यातही शेवटच्या टोकाला असतील तर पाइप बघायचा. आपल्याकडे पाणी रोज चोवीस तास नसतं. पंप बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि जिथं गळती आहे तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पाणी सोडलं की पहिली काही मिनिटं तेच नळाला येतं, आणि नेमकं तेव्हाच बायका पिण्याचं भरून घेतात, कारण पाणी कधी जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून वॉटरमनला सोबत घेऊन, पाणी सोडल्यावर लगेच, टोकाच्या नळावर क्लोरीन बघायचं. टाकीखाली बघून उपयोग नाही. तिथं ते ठीकच दिसतं. टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, जुलाबाची साथ असताना ०.५. ओटीचं औषध (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं) टाकल्यावर रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. बाटली हातात धरून बोलत राहिलं तर रंग गडद होत जातो आणि नसलेलं क्लोरीन असल्यासारखं दिसतं.

काळ्या रंगाच्या चाचणीच्या बाटल्या, ज्यात जंतू असतील तर पाणी काळं पडतं, त्या २४ ते ४८ तास उबेत ठेवाव्या लागतात. जुलैत खानापूर भागात हवा इतकी गार असते की उघड्या खोलीत बाटली दोन दिवसांतही काळी होत नाही, आणि पाणी चांगलं असल्याचा समज होतो. चुलीच्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवावी.

टाकीत ब्लीचिंग पावडर: चांगल्या प्रतीची असेल तर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, आणि मग एक तास पाणी सोडायचं नाही. पोतं उघडं पडलेलं, ओल लागलेलं असेल तर पावडरीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं; मापानं टाकूनही टोकाला काही पोचत नाही. आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत घालायची. चुन्याचा गाळ तळाशीच ठेवायचा.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि मोठा माणूस काही तासांत गळून गेला असेल तर कॉलऱ्याचा संशय. अँटिबायोटिक द्यायच्या आधी शौचाचा स्वॅब कॅरी-ब्लेअर नळीत (वाटेत जंतू जिवंत ठेवणारी नळी). ही नळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बाहेरच्या हवेलाच पाठवायची. नमुन्यासाठी मीठ-साखर-पाणी किंवा सलाइन एक मिनिटही थांबवायचं नाही.

२१ जुलै, सोमवार (आठवडा ३०)

कावीळ. ‘ए’ प्रकारात संसर्गापासून आजारापर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी २८. ‘ई’ प्रकारात साधारण २ ते १० आठवडे. म्हणून आज कावीळ दिसली तर आजचं पाणी तपासून फारसं हाती लागत नाही. पंचायतीच्या दप्तरात महिना-दीड महिना मागं जाऊन बघायचं: पाइप कधी फुटला, रस्त्याचं खोदकाम कधी झालं, टँकर कुठून आला. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) दुरुस्तीची बिलं असतात, त्यांवर तारखा असतात. पत्रकातल्या सुरुवातीच्या तारखा इथं कामी येतात. त्यांवरून मागं मोजलं की बिलाचा आठवडा सापडतो.

गरोदर बाईला कावीळ दिसली तर तिला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. ‘ई’ प्रकार तिच्या जिवावर बेततो. झाडपाल्याच्या औषधाला आणि काजळ-माळेला आठ दिवस दिले तर ते आठ दिवस परत मिळत नाहीत. हे वाक्य पत्रकावर ठळक छापलं आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

डेंग्यू. ‘पेशी कमी झाल्या’ एवढ्यावर डेंग्यू लिहायचा नाही. कितीतरी तापांत प्लेटलेट कमी होतात. आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (त्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी), आणि दोन्ही एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं. दवाखान्यातल्या कार्ड टेस्टवर सरकारी मोजणीत डेंग्यू पक्का धरत नाहीत. म्हणून आमच्या पत्रकात ‘कार्ड’ आणि ‘एलायझा’ असे दोन रकाने. पाच दिवस हे आजार सुरू झाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. चौथ्या दिवशी आलेल्याचं रक्त सातव्या दिवशी काढलं आणि एनएस१ केली, तर उत्तर ‘नाही’ येतं आणि पेशंट मोजणीतून गळतो.

रक्त ३ ते ५ मिली, लाल टोपीच्या नळीत, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं करून २ ते ८ अंशांत. वेगळं न केलेलं रक्त बर्फाला थेट टेकवू नये, पेशी फुटतात आणि नमुना बाद होतो. नळी आणि बर्फाच्या पिशवीत कापडाची घडी ठेवावी.

विडाल या टायफॉईडच्या रक्तचाचणीचंही असंच. एकाच वेळच्या विडालवर टायफॉईड मोजायचा नाही. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या आधी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉईडचे जंतू वाढले तरच तो पक्का. बाकी सगळे ‘नुसता ताप’ या रकान्यात.

खानापूरकडे रोप लावणीनंतर ‘नुसता ताप’ वाढला की पोटऱ्या दाबून बघायच्या आणि डोळे बघायचे. पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, असं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार. चिखलात अनवाणी किती दिवस होता हे विचारायचं, पायाला भेगा किंवा जखम आहे का ते बघायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सीमेचा प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला पेशंट बेळगावात येतो, कारण त्याला तेच जवळ. निपाणीचा माणूस कागल-कोल्हापूरला जातो. कणकुंबीकडचा गोव्यात कामाला असतो आणि ताप घेऊन घरी येतो. रोग गावातला, नोंद दवाखान्याच्या जिल्ह्यातली. चंदगडमधल्या शिनोळीच्या एका गल्लीतले पाच पेशंट बेळगावच्या तीन दवाखान्यांत वाटले गेले, तर बेळगावच्या आकड्यात ते विरून जातात आणि कोल्हापूरच्या आकड्यात उमटतच नाहीत.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. पत्रकात गावाचं नाव नाही, गावाचा सरकारी सहा आकडी कोड. एकच गाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. संगणक त्यांना तीन गावं समजतो. शिवाय कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावं, आणि सांगताना माणूस नुसतं ‘कंग्राळी’ म्हणतो. प्रत्येक दवाखान्याच्या टेबलावर, त्याच्याकडे येणाऱ्या गावांची कोडसह यादी चिकटवली आहे, दोन्ही राज्यांतली. ती यादी काचेखाली ठेवावी. भिंतीवरची कुणी बघत नाही.

दर बुधवारी गावांच्या कोडवरून पत्रकं पुन्हा लावायची, म्हणजे पेशंट जिथला तिथं जातो. ती यादी बेळगावच्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना जाते आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्याही. एकाला पाठवून “पुढं कळवा” म्हणायचं नाही.

पत्रकात नाव, फोन काही नसतं. वय, बाई की पुरुष, गावाचा कोड, तारीख एवढंच. पण लहान वाडीत ‘६८ वर्षांची बाई, कावीळ’ एवढ्यावरून घर ओळखू येतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या तक्त्यात पाचपेक्षा कमी पेशंट असतील तर वाडी न लिहिता पंचायत लिहायची.

१० सप्टेंबर, बुधवार

पत्रक मनानं भरलेलं कसं ओळखायचं: आकड्यांचा शेवट सारखा ० किंवा ५ येतो, सलग दोन आठवडे सगळे रकाने तेच, किंवा जुलाब शून्य असतो पण ओआरएसची खोकी संपलेली असतात. शनिवारी रात्री आठवून भरलं की असं होतं. यावर रागावून काही सुधारत नाही. ज्यांच्यासमोर सत्तर माणसं बसलेली आहेत त्यांच्याशी हिशेबनिसासारखं वागू नये. महिन्यातून एक दिवस, चिठ्ठी काढून, त्या दिवसाची रजिस्टरची पानं कंपाउंडरसोबत मोजायची आणि पत्रकाशी ताडायची. फरक दिसला की कंपाउंडरला रोज संध्याकाळी काड्या मारायची सवय लागते.

आणि बुधवारी संध्याकाळी प्रत्येक डॉक्टरांना एक पान परत जायलाच हवं: तुमच्या भागात या आठवड्यात काय वाढतंय, शेजारच्या तीन दवाखान्यांत काय दिसतंय. ज्याला काही परत मिळत नाही तो काही दिवसांनी पाठवणं बंद करतो, आणि त्याचं चुकत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कांजिण्या. एका शाळेत पहिलं मूल, मग दोनेक आठवडे शांतता, मग एकदम पाच-सहा. संसर्गापासून पुरळापर्यंत १० ते २१ दिवस लागतात, त्यामुळे शांततेला फसायचं नाही. अंगावर देवी आली म्हणून बऱ्याच घरांत मुलाला दवाखान्यात आणतच नाहीत. आकडा नेहमी खऱ्याखुऱ्याहून कमी. आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला “घरात, गल्लीत अजून कुणाला आहे?” हे विचारावं आणि उत्तर वेगळ्या रकान्यात लिहावं. लिंबाचा पाला ठेवू द्यावा. सगळ्या फोडांना खपल्या धरेपर्यंत शाळा नाही आणि घरी गरोदर बाई असेल तर तिला दूर ठेवावं, एवढं मात्र पटवून द्यावं.

३ नोव्हेंबर, सोमवार (आठवडा ४५)

ऊसतोड टोळ्या आल्या. बीड, विजयपूर आणि आणखी कुठून कुठून. यांचा ‘गाव’ रकाना दोनदा भरायचा: मूळ गाव, आणि सध्या तळ जिथं आहे ते. तळ हलतो, म्हणून मुकादमाकडून पुढचा फड कुठला हे विचारून ठेवायचं. टोळीतलं मूल पुरळ घेऊन आलं तर ते परत येईल असं धरू नये. नमुना आणि लसीची चौकशी त्याच भेटीत. आशा ताईंना तळाचा ठिकाणा त्याच दिवशी कळवायचा.

३ डिसेंबर, बुधवार

माकडतापाचा हंगाम. क्यासनूर जंगलात, शिवमोग्गा जिल्ह्यात १९५७ मध्ये सापडलेला हा रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही पसरला. जांबोटी-कणकुंबीचं रान त्या दोन्हींच्या मधल्या घाटपट्टीतलंच. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात. काजूच्या बागेत कामाला जाणारे, लाकूडफाटा आणि पाला गोळा करणारे यांच्यात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत.

खानापूर तालुक्यातल्या दवाखान्यांच्या रजिस्टरात आजपासून मेअखेर चौथा रकाना: ‘रान’. गेल्या पंधरा दिवसांत रानात गेला का, आणि मेलेलं माकड कुणी पाहिलं का, हो किंवा नाही. मेलेलं माकड एक जरी कळलं तरी रोगाच्या पेशंटाची वाट न बघता तालुका आरोग्याधिकारी, वनखातं आणि पशुवैद्यकीय खातं तिघांनाही फोन. लोकांनी माकडाला हात लावू नये, ओढून टाकू नये. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. रक्ताचा नमुना लवकरात लवकर, पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआरसाठी, आणि नळीवर आजार सुरू झाल्याची तारीख लिहूनच. तारीख नसलेली नळी प्रयोगशाळेत कुठली चाचणी लावायची या प्रश्नावर अडते.

नव्या रकान्यासाठी आखणीच्या पट्ट्या कंपाउंडरांकडे पोचल्या. गोवा बाजूच्या कामगारांची गावं यादीत घालायची राहिली आहेत. कोड मिळाले की या आठवड्यातच काचेखालची यादी बदलायची.